चुकीला चूक म्हणणं म्हणजे 'न्याय करणं' का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलात, पत्नी कॅथलिक घरातली. दोन्हीकडची माणसं एकत्र बसली की मरियेपासून बाप्तिस्म्यापर्यंत वाद पेटतो आणि शेवटी कोणीतरी 'न्याय करू नका असं प्रभूनं सांगितलंय' म्हणून सगळ्यांची तोंडं बंद करतं. मग फरकांवर बोलायचंच नाही का?

बोलायचं. जरूर बोलायचं. पण आधी माझी एक कबुली ऐका, कारण या विषयात मला जे काही कळतं ते चुका करूनच कळलेलं आहे.

विशीत असताना मी घरच्यांचं चर्च सोडून दुसऱ्या मंडळीत जाऊ लागलो. घरच्या मंडळीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. नव्या मंडळीत तो कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा. मी घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात आत्याकडे गेलो, खिशात वचनांची यादी घेऊन. आत्या सत्तरीला आलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी प्रेषितांची कृत्ये १६ उघडलं आणि ३१वं वचन मोठ्यानं वाचलं: प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं तारण होईल. "बघ आत्या, आधी विश्वास. तान्हं बाळ विश्वास कसा ठेवणार?"

"थांबलास का? पुढे वाच."

पुढे असं आहे की तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्याच रात्री पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या, आणि लगेच त्याचा व त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. "सगळ्यांचा," आत्या म्हणाली. "त्या घरात पाळणा नव्हता कशावरून?"

मी गप्प घरी आलो. रात्री ३४वं वचन सापडलं: देवावर विश्वास ठेवल्यामुळे त्यानं घरच्या सगळ्यांसह आनंद केला. म्हणजे विश्वासही सगळ्या घरानं ठेवला! सकाळी उजाडताच परत तिच्या दारात. "आत्या, तूही थांबलीस, आणखी पुढे वाच." तिनं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाली, "हे बरोबर आणलंस. पण पाळणा अजून तिथंच आहे हं."

हा वाद मला आजही आवडतो. दोघांपुढे एकच पुस्तक होतं, दोघांनी एकमेकांना पुढचं वचन वाचायला लावलं, कोणी हरलं नाही. यात मी तिचा न्याय केला नव्हता. तो केला त्याच महिन्यात, वेगळ्या ठिकाणी. प्रार्थनासभेत 'अजून तारण न झालेले नातेवाईक' यांची नावं चिठ्ठीवर लिहून द्यायची होती आणि मी आत्याचं नाव लिहिलं. माझ्यासाठी रोज पहाटे गुडघे टेकणाऱ्या बाईचं. कोणीतरी ते तिच्या कानावर घातलं. पुढच्या भेटीत तिनं एवढंच विचारलं, "चिठ्ठी लिहिलीस ती लिहिलीस, प्रार्थना केलीस का खरंच?"

केली नव्हती.

तर माझ्या मते भेद इथे आहे. 'तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा शास्त्राला धरून नाही' हे मत झालं. ते चूक असेल, बरोबर असेल, त्यावर भांडता येतं. 'म्हणून तुझं तारण झालेलं नाही' हा निकाल झाला, आणि त्या खुर्चीवर मला कोणी बसवलं नव्हतं. घरोघरच्या वादांत पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण कधी घसरतो ते कळतही नाही. बहुतेक वेळा मुद्दे संपले की घसरतो.

'न्याय करू नका' हे वाक्य मत्तय ७ च्या सुरुवातीला आहे. ते म्हणणाऱ्याला माझं आत्याचंच सांगणं असतं: पुढे वाच. पाचव्या वचनात प्रभू म्हणतो, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ तसंच राहू दे असं तो म्हणत नाही! (मूळ ग्रीक शब्द घराच्या तुळईचा आहे, मुसळ आपल्या भाषांतरकारांनी आणलं, आणि फार छान आणलं.) त्याच अध्यायात १५व्या वचनापासून खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा, फळांवरून त्यांना ओळखा, असं सांगितलंय. पारख केल्याशिवाय कोण कसं ओळखणार? थेस्सलनीकाकरांना पौल स्पष्टच लिहितो, सगळ्या गोष्टींची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. ग्रीकमध्ये ठरवणं, निवड करणं, न्याय देणं, दोषी ठरवणं अशा सगळ्या छटा 'क्रिनो' या एकाच क्रियापदात येतात. आपल्याकडे सुदैवानं 'पारख' आणि 'न्याय' असे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत. ते वेगळेच वापरावेत.

आणि एक, जरा बोचरं. 'न्याय करू नका' हे वाक्य मी ऐकलंय ते बहुतेकदा अडचणीत सापडलेल्या माणसाच्या तोंडून. पाळकानं पैशाचा हिशेब दिला नाही, कोणी विचारलं, की आलंच हे वचन. तिथे ते ढाल म्हणून वापरलं जातं आणि ते मला मुळीच मान्य नाही. अंत्युखियात पेत्र चुकीचं वागला तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते लिहून ठेवलंय. पण पेत्र ख्रिस्ताचा नाहीच, असं त्यानं कुठेही म्हटलेलं नाही.

निकाल देण्याची सवय कुठवर नेते हे बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या झुरिककडे बघा, कारण तिथला वाद माझ्या आणि आत्याच्या वादाचाच आहे. तिथे प्रोटेस्टंट सुधारणा घडवून आणणारा पाळक म्हणजे झ्विंग्ली, आणि फेलिक्स मान्झ हा त्या सुधारणेतला त्याचा सुरुवातीचा तरुण सहकारी. कळत्या वयातलाच बाप्तिस्मा खरा असं मानून तो तसा देऊ लागला. ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या नगर परिषदेनं त्याला हातपाय बांधून लिम्मात नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे लोक नव्हते. स्वतः नुकतेच रोमपासून वेगळे झालेले सुधारक होते.

पुढची गोष्ट त्यानंतर तीन वर्षांच्या आतली. ऑक्टोबर १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात तिथला सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. हेस प्रांताचा शासक फिलिप याला प्रोटेस्टंट एकत्र यायला हवे होते. ल्यूथरनं टेबलावर खडूनं लॅटिनमध्ये 'हे माझे शरीर आहे' असं लिहिलं आणि तो तिथून हललाच नाही. 'आहे' म्हणजे आहे. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. पंधरा कलमं तयार झाली. चौदांवर एकमत झालं, पंधराव्याच्याही बहुतेक भागावर झालं. उरला एकच प्रश्न, भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं का. शेवटी झ्विंग्लीनं डोळ्यांत पाणी आणून भाऊ म्हणून हात मागितला. ल्यूथरच्या बाजूनं उत्तर आलं की तुमचा आत्मा वेगळा आहे.

झ्विंग्लीची मला दया येते आणि मग मान्झ आठवतो. ज्याला इथे भाऊ म्हणून घ्यायचं होतं, त्याच्याच शहरानं दुसऱ्या भावाला नदीत ढकललं होतं. युरोपातल्या लुथरन आणि (झ्विंग्लीकडच्या परंपरेतल्या) रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांना प्रभुभोजनाच्या मेजावर रीतसर जागा दिली ती १९७३ च्या लॉयनबेर्ग करारानं, मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी. मान्झच्या नावाचा फलक लिम्मातच्या काठावर लागायला २००४ उजाडलं. मजा म्हणजे १९७३ च्या करारात प्रभुभोजनाबद्दलचं आपलं मत लुथरन किंवा रिफॉर्म्ड, कोणीच सोडून दिलं नव्हतं. एवढ्यावरून दुसऱ्याला बाहेर ठेवायचं नाही, इतकंच ठरलं.

आता तुमच्या घरातला वाद. मी एक कसोटी वापरतो आणि ती मला तरी उपयोगी पडली आहे: समोरच्याचं म्हणणं मी त्याच्यापुढे असं मांडू शकतो का, की तो म्हणेल, 'हो, हेच माझं म्हणणं'? मांडता येत नसेल तर खंडन करायला मी अजून तयार नाही.

तुमच्याकडचे लोक म्हणत असतील, 'कॅथलिक मरियेची पूजा करतात.' कॅथलिक शिकवण काय आहे? आराधना फक्त देवाची. संतांना मान, मरियेला सगळ्यांत मोठा मान. आणि तिच्याकडे मागायचं ते 'आमच्यासाठी विनंती कर' एवढंच. मान आणि आराधना यांतला हा फरक ७८७ साली निकियात भरलेल्या चर्चच्या दुसऱ्या परिषदेपासून लिहिलेला आहे. हे मांडून झाल्यावर तुम्ही खुशाल म्हणा की शिकवण काही असली तरी प्रत्यक्षात भाबड्या माणसाच्या मनात ही रेघ पुसली जाते. हा आक्षेप दमदार आहे, विचारी कॅथलिक माणूस तो झटकून टाकणार नाही. आणि लूक १:४८ वर, 'सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' यावर, तुमच्या मंडळीत शेवटचा संदेश कधी झाला, हेही जाता जाता आठवून बघा.

उलट बाजूनं पत्नीच्या घरचे म्हणत असतील, 'यांच्यात अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषेत बोलणं) बोलला नाहीस तर तारण नाही.' जुन्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची सर्वसाधारण शिकवण तशी नाही. त्यांच्या मते अन्य भाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण. तारण विश्वासानं, ते वेगळं. यावर आक्षेप घ्यायचाच तर १ करिंथ १२:३० घ्या, 'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' तुम्ही १४:३९ दाखवा, 'अन्य भाषा बोलण्यास मना करू नका.' दोन्ही वाक्यं एकाच पत्रातली. शिवाय १९६७ पासून कॅथलिकांमध्येही करिश्माई चळवळ आहे आणि तिथेही माणसं अन्य भाषांत प्रार्थना करतात. हे सांगितलंत की सासरची मंडळी थोडी दचकतील बहुतेक.

सगळे फरक सारखेच क्षुल्लक आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. 'शेवटी सगळं एकच' हे वाक्य मला आळशी वाटतं. ख्रिस्त देव आहे की नाही, तो खरोखर मेलेल्यांतून उठला की नाही, यावर मतभेद असेल तर तो पंथाचा फरक राहत नाही, मुळावरचा होतो. उपासनेत वाद्यं असावीत का, कोणते सण पाळावेत, हे दुसऱ्या टोकाला; त्यासाठी रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय पुरेसा आहे, 'दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण?' अवघड असतो तो मधला पट्टा: बाप्तिस्मा, प्रभुभोजन, अधिकार कोणाचा. यावरून एका मंडळीत नांदणं कठीण जातं, पण एकमेकांना ख्रिस्ती म्हणणं अशक्य होत नाही. आणि कोणती गोष्ट कुठल्या पट्ट्यात टाकायची, यावरच खरा वाद असतो. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्याला वार हा किरकोळ मुद्दा वाटत नाही. देवाची आज्ञा वाटते. त्याला 'एवढं काय त्यात' म्हणणं हाही एक निकालच आहे.

कुठे बोलायचं हेही पाहा. प्रेषितांच्या कृत्यांतला अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात तयार, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी सभास्थानात त्याचं भाषण ऐकलं. मध्येच उठून त्याला पाडलं नाही. बाजूला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. जेवायला बसलेल्या बारा जणांसमोर सासऱ्यांना मरियेवरून टोकू नका. काही विचारायचंच असेल तर ते एकटे असताना विचारा, आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत ऐका.

आता, तुमच्या प्रश्नात नसलेली पण माझ्या अंदाजानं त्याच्या तळाशी असलेली गोष्ट. मूल झालं की बाप्तिस्म्याचा प्रश्न चर्चेचा राहणार नाही, तारीख ठरवायचा होईल. लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं असेल तर १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेच्या कलम ११२५ प्रमाणे तुमच्या पत्नीनं, मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक रीतीनं व्हावं यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन दिलेलं असणार, आणि तुम्हाला त्याची कल्पना दिलेली असणार. वचन तिचं आहे, तुमचं नाही. पण तुम्ही ते ऐकून लग्नाला उभे राहिलात. दोन्हीकडची माणसं पुढच्या वेळी जमण्याआधी, एखाद्या संध्याकाळी दोघंच बसा आणि तिला विचारा की ते वचन देताना तिच्या मनात काय होतं. मग तुमच्या मनात तेव्हा काय होतं ते तिला सांगा. सासरे, पाळक, फादर आणि माझ्यासारखे उत्तरं लिहिणारे, सगळे त्यानंतर.