बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) किंवा फिलर (ओठ, गाल भरण्यासाठीचं जेलचं इंजेक्शन) घेतल्यावर मनावर काय परिणाम होतो?

भुवयांमधल्या आठ्यांसारखी एखादी ठरावीक गोष्ट खटकत असेल तर बहुतेकांना बरं वाटतं, पण त्या भागापुरतंच. नातं, नोकरी, एकटेपणा यांवर सुईचा इलाज नाही.

पहिले 2 आठवडे अवघड. बोटॉक्सचा असर 3-4 दिवसांत जाणवू लागतो, पूर्ण दिसायला साधारण 14 दिवस लागतात. मधल्या काळात एक भुवई वर, एक खाली असं होऊ शकतं. फिलरनंतर ओठ सुजतात, काळेनिळे डाग पडतात. नेमकं तेव्हाच माणूस सेल्फी झूम करकरून पाहतो आणि 'बिघडलं' असं ठरवून टाकतो. टच-अपचा (पुन्हा थोडं इंजेक्शन घेण्याचा) निर्णय हे 2 आठवडे संपण्याआधी घेऊच नका. (फिलरनंतर तीव्र वेदना, त्वचा पांढरी पडणं किंवा अंधुक दिसणं ही मात्र इमर्जन्सी, तडक डॉक्टर गाठा.)

3-4 महिन्यांनी बोटॉक्स ओसरतं तेव्हा जुनाच चेहरा 'म्हातारा' वाटतो, कारण नजरेला गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते.

बोटॉक्सने आठ्यांचे स्नायू सैल केल्यावर नैराश्य कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय. मला हा पुरावा भक्कम वाटत नाही: कपाळ हलेना की आपल्याला औषध मिळालं की तुलनेसाठी दिलेलं नुसतं सलाइन, हे बहुतेक रुग्ण ओळखतात.

खरा धोका बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचा. इतरांना न दिसणाऱ्या दोषाच्या विचारात रोज तासभर किंवा जास्त जात असेल, तर इंजेक्शनने सहसा फरक पडत नाही. खटकणारी जागा तेवढी बदलते. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ: सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी समुपदेशन पद्धत) आणि गरजेनुसार एसएसआरआय (नैराश्य, चिंतेवरच्या) गोळ्या.