शेजारच्या ट्रॉलरला बोट बांधण्याआधी

तुम्ही लिहिलंय की मुंबईहून शिडाच्या बोटीने गोव्याकडे जाताना एका बंदरात मच्छीमारांनी स्वतःहून हाक मारली, आपल्या ट्रॉलरला बोट बांधू दिली, चहा पाजला. आणि पहाटे साडेतीनला आरडाओरडा करून दोर सोडायला लावले. त्यात क्लीट (दोर बांधायचा डेकवरचा खुंट) उखडली, बाजूला चरे पडले. 'आधी इतके गोड, मग असं का?' मीही पूर्वी हीच चूक केली आहे, आणि चूक आपली, त्यांची नव्हे.

त्यांना पाणी उतरायच्या आत बाहेर पडायचं असतं आणि तुम्ही सगळ्यात बाहेरच्या बाजूला, म्हणजे नेमके वाटेत. चहा पिता पिता एकच गोष्ट विचारायची: 'तांडेल, कितीला सुटणार?' तांडेलालाच, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसालाच विचारा. हल्ली खलाशी नेपाळपासून कर्नाटकापर्यंत कुठलेही असतात, हिंदीत छान गप्पा मारतात, पण निघायची वेळ त्यांच्या हातात नसते. 'सकाळी' असं उत्तर आलं तर सकाळ म्हणजे तीन समजा.

आता दोर. बहुतेक जण पुढे एक, मागे एक बांधून मोकळे होतात. मग लाटेबरोबर बोट मागेपुढे घसरते आणि त्यांच्या टायरवर आपली बाजू घासते. चार दोर हवेत: पुढचा, मागचा आणि दोन तिरपे. प्रत्येक दोर त्यांच्या खुंटाला नुसता वळसा घालून परत आपल्याच बोटीवर आणायचा. त्यांच्या बाजूला गाठ नको. तुमची क्लीट बहुधा यामुळेच गेली. गाठ पलीकडे, दोर ताणलेला आणि ट्रॉलरचं इंजिन चालू.

याशिवाय पुढून-मागून एकेक दोर थेट जेटीला न्या, नाहीतर तुमचं सगळं वजन त्यांच्या दोरांवर येतं. दोन बोटी पाण्याबरोबर एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे त्यांच्यामधले दोर आवळलेले चालतात. जेटीचा दोर मात्र लांब हवा. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, रत्नागिरीकडे साधारण २ मीटर. मुंबईच्या हिशेबाने लांब दोर सोडणारा रत्नागिरीत अडचणीत येत नाही, उलटं करणारा मुंबईत ओहोटीला लटकतो.

फेंडर (बाजू घासू नये म्हणून टांगायच्या फुगीर गाद्या) नुसते लावून भागत नाही. ट्रॉलरची बाजू वर फाकलेली असते, फेंडर उसळून वर येतात. दोन फेंडरच्या बाहेरून २ मीटरची जाड फळी टांगा. डोलकाठीच्या आडव्या दांड्या त्यांच्या केबिनच्या छपरासमोर येणार नाहीत, इतकं पुढे-मागे सरकून बांधा.

पण खरं सांगू का, रात्रभर बांधूच नये असं माझं मत झालंय. (दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल, वाद नाही.) चहा प्या, उजेड आहे तोवर निघा, नांगर टाका, हवं तर डिंगीने (सोबतच्या छोट्या होडीने) परत जा. हिशेब भरतीच्या पाण्याचा धरा: ओहोटीला ५ मीटर खोली, वर २ मीटर भरती, पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत १ मीटर, म्हणजे ८. साखळी त्याच्या पाचपट, ४० मीटर. दुपारचा खारा वारा रात्री पडतो आणि पहाटे मतलई (जमिनीकडून येणारा वारा) सुटते, तेव्हा बोटीचं तोंड पूर्ण उलट्या दिशेला फिरतं. कीलवाली (तळाखाली जड पातं असलेली) बोट प्रवाहाचं ऐकते, हलकी होडी वाऱ्याचं, त्यामुळे दोघी एकाच दिशेला फिरतील हे गृहीत धरू नका. मैत्री टिकवायची तर अंतर ठेवा.

गप्पांतून घ्यायचं काय? 'आज जाळी किती वावात टाकलीत?' (वाव म्हणजे खोलीचं माप) हा लाखमोलाचा प्रश्न. रात्री जाळ्यांच्या टोकाला लुकलुकणारे दिवे असतात, त्यांच्या रंगांवर विसंबू नका. खाडीच्या तोंडावरची वाळू जागा बदलते, तिथे नकाशापेक्षा तांडेल बरा. फक्त 'पाणी पुष्कळ आहे' म्हणजे त्यांच्या होडीपुरतं पुष्कळ. तुमचा कील किती खाली जातो ते हाताने दाखवून मग विचारा. मासळी भाव विचारून, पैसे देऊन घ्या. मालवणकडे पर्ससीन (मोठ्या बोटींची घेरणारी जाळी) आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायची पारंपरिक जाळी) यांच्या भांडणात तोंड घालू नका, चहा कडू होतो.

परदेशी बोटवाले भेटले तर गप्पा जरूर, पण त्यांचा सॅटेलाइट फोन हातात घेऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं म्हणजे अटकेला आमंत्रण.

बोटीचे कागद, विमा, सगळ्यांचे आधार आणि माणसांची यादी यांच्या सहा-सहा प्रती ठेवा. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, नियम निघण्याआधी स्वतः तपासा. एका कार्यालयात (नाव नको) माझे दोन दिवस गेले, कारण अर्जात दोनच रकाने: मासेमारी आणि प्रवासी. हौसेने फिरणारा माणूस त्यांच्या फॉर्मात अस्तित्वातच नव्हता! शेवटी 'इतर' असा रकाना त्यांच्याच पेनाने आखून घेतला. सागरी पोलिसांना मात्र आपणहून कळवा, सोबत १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ लिहून ठेवा.

क्लीट परत बसवताना डेकच्या खालून ५-६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी टाका, नुसत्या वॉशरवर बसवू नका. आणि जुन्या भोकांत आधी इपॉक्सी भरून वाळू द्या, नाहीतर पाणी आत मुरतं.