बिल्डर नको, मग साइट कोण बघणार?

प्रश्न : ताई नमस्कार. आमची मुलुंडची सोसायटी, 36 घरं, निम्मे मेंबर रिटायर्ड. बिल्डर न घेता स्वयंपुनर्विकास करायचं ठरलंय, तळमजल्यावर गल्लीतल्या पोरांसाठी अभ्यासिका पण काढायचीय. पीएमसी (प्रोजेक्टचा सल्लागार) नेमलीय, तरी काहीजण म्हणतात पगारी प्रोजेक्ट मॅनेजर घ्या. एका मेंबरचा भाचा सिव्हिल इंजिनियर आहे, तो फुकट बघतो म्हणतोय. काय करावं? – एक सेक्रेटरी

उत्तर : भाच्याला चहा पाजा आणि नाही म्हणा. फुकटच्या माणसाला जाब विचारता येत नाही, विचारलाच तर मामाशी कायमचं वाकडं.

पीएमसी प्लॅन, टेंडर, परवानग्या बघेल, पण स्लॅबच्या आदल्या दिवशी सळया मोजणारा, मजबुती तपासायला काँक्रीटचे क्यूब भरून घेऊन 28 दिवसांनी रिपोर्ट मागणारा, कॉन्ट्रॅक्टरचं झालेल्या कामाचं बिल (आरए बिल) आलं की टेप लावून माप ताडणारा माणूस रोज साइटवर लागतोच. बिल्डर असता तर काम होईपर्यंतच्या पर्यायी घरांचं भाडं त्याने भरलं असतं, इथे 36 घरांचं भाडं आणि कर्जाचं व्याज तुमच्याच डोक्यावर, काम महिनाभर लांबलं तर जो फटका बसेल त्यापुढे प्रोजेक्ट मॅनेजरचा पगार किरकोळ आहे हो.

पगार ठरलेला द्या, बांधकाम खर्चावर टक्केवारी अजिबात नको, खर्च वाढला की त्याची कमाई वाढणार! थोडी रक्कम ओसी (राहायला जायचा पालिकेचा दाखला) हातात येईपर्यंत राखून ठेवा.

मुलाखतीत टॉवरच्या फोटोंना भुलू नका. जुने रहिवासी असलेली कुठली सोसायटी ओसीपर्यंत नेली ते विचारा आणि तिथल्या सेक्रेटरीला त्याच्या गैरहजेरीत भेटा. मग विचारा, स्लॅब पडल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ओटा दुसऱ्या भिंतीला हवाय, काय कराल? ‘करून देऊ की’ म्हणणारा गोड वाटतो पण घेऊ नका. ड्रेनेजची लाइन कुठून जाते, जादा खर्च कोण देणार, अर्ज लेखी आहे का, असं जो उलट विचारेल तो तुमचा माणूस.

विक्रीचे फ्लॅट असतील तर रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याप्रमाणे ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए यांच्या सर्टिफिकेटवरच निघतात, म्हणजे रोजची नोंद ठेवायचा कंटाळा असलेला माणूस पैसे अडकवून ठेवेल.

नेमणूक विशेष सर्वसाधारण सभेत मंजूर करा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 4 जुलै 2019 च्या जीआरमुळे पुनर्विकासाच्या सभेचं व्हिडिओ शूटिंग तुम्ही करतच असाल, त्यातच हेही येऊ दे. नेमणूकपत्र सोसायटीचं, पीएमसीचं नको. आणि त्याला सूचना कमिटीतल्या एकानेच द्यायच्या, 36 जणांनी नाही.

अभ्यासिका मात्र आत्ताच मंजुरीच्या प्लॅनमध्ये दाखवून घ्या, मागाहून घुसवली तर ओसीला अडेल.