गाडी तिच्या वाढदिवसाला आणू नका

पत्र जरा मोठं होतं, मी कापून छोटं केलंय:

"ताई, आमचं घर पाच माणसांचं. मी, नवरा, सासूबाई, मुलगी पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होईल आणि मुलगा चार वर्षांचा. दोन वर्षं पैसे साठवून आता गाडी घ्यायची ठरलीय. ह्यांना सात सीटरच हवी, त्यासाठी सात वर्षांचं कर्ज. ह्यांच्या लहानपणी घरात गाडी नव्हती, कुठेही जायचं तर दुसऱ्याच्या गाडीत कुणाच्या तरी मांडीवर, म्हणून आपल्या गाडीत कुणाला जागा कमी पडता कामा नये असं म्हणतात. आणि डिलिव्हरी मुलीच्या वाढदिवसालाच घ्यायची, गाडी हेच तिचं गिफ्ट, वेगळी पार्टी नको. तिने मैत्रिणींची यादी केली होती, आठ नावं, मग आपणहून खोडून चार केली आणि विचारलं, बाबा, चारच आल्या तर? हे म्हणाले, अगं गाडी येतेय ना! ती 'बरं' म्हणाली आणि आत गेली. गाडी नकोय असं नाही, पण काय खटकतंय ते मला नीट सांगताच येत नाहीये. गेल्या वर्षी माझा चाळिसावा होता, तोही गाडीचे पैसे साठतायत म्हणून राहिला. मी कोत्या मनाची आहे का? — मागच्या सीटवरची"

अगं मागच्या सीटवरची, कोत्या मनाची वगैरे काही नाहीस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. गाडीचं कौतुक, हप्ता, सात सीट, सगळं तू सविस्तर लिहिलंयस आणि स्वतःचा चाळिसावा मात्र शेवटी एका वाक्यात उरकलायस, जसं काही गाडीत सामान भरून झाल्यावर राहिलेली पिशवी पायाशी कोंबावी. खटकतंय ते तिथेच आहे. पण त्यावर नंतर येते, आधी मुलीचं बघू कारण तिची तारीख जवळ आलीय.

तुला माझी एक गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची झाले त्या दिवशी आमच्याकडे फ्रिज आला. वडिलांनी महिनाभर आधीपासून सांगितलेलं, तुझ्या वाढदिवसाला फ्रिज! मी पण सगळ्यांना सांगत सुटले होते. त्या दिवशी संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे आले, पण आले ते फ्रिज बघायला, दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि बंद केलं की खरंच विझतो का ह्यावर मोठी माणसं अर्धा तास बोलत होती. त्या दिवसाचा एक फोटो आहे. मी फ्रिजच्या हँडलला हात लावून उभी आहे, कारण "हात लाव, तुझाच आहे तो" असं मला सांगितलेलं, आणि माझ्या पायाशी थर्माकोलचे तुकडे पडलेत. दुसऱ्या दिवशी मी तो तीनदा उघडला तर आईचा ओरडा खाल्ला, सारखं उघडायचं नाही, गार हवा जाते. म्हणजे माझा होता फक्त एक दिवस, फोटोपुरता! वडिलांच्या मनात प्रेमच होतं गं, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण नऊ वर्षांच्या मुलीला एवढं नक्की कळलं की आज सगळे जमलेत ते माझ्यासाठी नाही.

तुझ्या मुलीचं तेच होणारे. गाडी घराची असते. तिची चावी तिच्याकडे नसणार, कुठे जायचं ते ती ठरवणार नाही, आत काही सांडलं तर बोलणी मात्र तीच खाणार, आणि कर्ज सात वर्षांचं म्हणतेस म्हणजे तिच्या ह्या गिफ्टचा शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ती सतरा वर्षांची झालेली असेल. आणि मधे कधी रुसली की कुणीतरी म्हणणारच, "तुझ्यासाठी एवढी गाडी घेतली आणि तू अशी?" तुम्ही म्हणणार नाही असं तुला वाटत असेल, पण घरात हे वाक्य आपोआप निघतं. मी फ्रिजबद्दल ते अकरावीपर्यंत ऐकलंय.

आणि ती यादी! आठाच्या चार केल्या तिने. कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच भाव कमी केला, म्हणजे ह्या घरात मागताना थोडं कमी करून मागावं लागतं हे तिला कळायला लागलंय. ते ती कुणाकडून शिकली असेल, तूच बघ.

त्यात एक साधी व्यवहाराची गोष्ट पण आहे जी नवऱ्याला पटेल, कारण ती भावनांची नाहीये. गाडीची डिलिव्हरी ठरलेल्या तारखेला मिळेलच असं काही नसतं, कागदपत्रं अडकतात, हवा तो रंग येत नाही, चार दिवस पुढे जाते. मग काय, वाढदिवस पण पुढे ढकलणार? आणि समजा मिळाली वेळेवर, तरी घरी फुगे लावलेत, सगळे वाट बघतायत, अशा घाईत गाडी तपासणार कोण? नवी गाडी ताब्यात घेताना भरपूर वेळ काढून जायचं असतं आणि दिवसाउजेडी, कारण शोरूमच्या दिव्यांखाली पत्र्यावरचे बारीक ओरखडे दिसतच नाहीत. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख नंबर, कागदावरचा आणि गाडीवरचा एकच आहे का ते अंक अंक लावून बघायचं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष, 3224 असेल तर 2024 सालच्या 32व्या आठवड्यात बनलेला टायर, आणि नव्या म्हणून दिलेल्या गाडीचे टायर फार जुने निघाले तर ती गाडी कुठेतरी बराच काळ उभी असणार, मग विचारायचं. स्टेपनी आणि जॅक आहे का, खिडक्या सगळ्या खालीवर होतात का, एसी चालतो का... हे सगळं डोक्यावर पार्टीची टोपी घालून होत नाही.

आता सात सीटचं. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला मनापासून समजलं, लहानपणी दुसऱ्याच्या मांडीवर बसून गेलेल्या माणसाला सीट मोजायची सवय लागते, त्याला हसू नकोस. पण सीट मोजायच्या त्या आपल्या रोजच्या दिवसाच्या. वर्षातून किती दिवस तुम्ही पाचाच्या वर असता ते खरंखुरं मोजा, कॅलेंडर घेऊन, अंदाजपंचे नको. दहा-बारा दिवस निघाले तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते. महिन्यातले आठ दिवस निघाले तर मग त्याचं बरोबर आहे, घ्या सात सीटर, मी कोण नको म्हणणारी. फक्त तिसरी रांग उघडली की बऱ्याच गाड्यांत डिकी नावाला उरते, सातजण बसले तर सात बॅगा कुठे ठेवणार हे शोरूममध्येच बघा, आणि त्या मागच्या सीटवर नवऱ्याला स्वतःला पंधरा मिनिटं बसव, गुडघे छातीशी येतात का बघ. शिवाय तुमचा धाकटा चार वर्षांचा, त्याची चाइल्ड सीट मधल्या रांगेत लागणार आणि कितीतरी गाड्यांत तिसऱ्या रांगेत शिरायला तीच मधली सीट दुमडावी लागते, म्हणजे दर वेळी किंवा चाइल्ड सीट काढा किंवा मागच्याने उड्या मारा.

सीटवरून आठवलं, मुलगी दहाची झाली म्हणून मोठी झाली, पुढे बसेल, असं करू नका. ती अजून मागेच बरी, आणि उंची कमी असेल तर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादाची बैठक, लागेल, देशादेशाचे नियम वेगवेगळे आहेत पण साधारण 135 ते 150 सेंटीमीटर उंची होईपर्यंत बूस्टर वापरतात. बघायचं कसं तर बेल्ट खांद्यावरून गेला पाहिजे, मानेवरून नाही, आणि खालचा पट्टा मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. हा तीन जागी अडकणारा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरने 1959 मध्ये आणला आणि कंपनीने तो दुसऱ्यांनाही वापरू दिला, आणि तरी जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या सीटला अजून नुसता कमरेचाच पट्टा सापडतो. सेकंड हँड बघायला गेलात तर ते आधी बघा, म्युझिक सिस्टीम नंतर. आणि हो, सेकंड हँड हा शब्द घरात काढून तर बघ. नव्या गाडीची किंमत पहिल्याच वर्षी सगळ्यात जास्त उतरते, दोन-तीन वर्षं वापरलेली चांगली गाडी घेतली तर ती उतरण दुसऱ्याने सोसलेली असते. नवऱ्याला नाही आवडणार, पण आकडा त्याच्यासमोर असू दे.

कर्जाचाही आकडा ठेव. समजा शंभर कर्ज काढलं आणि व्याज वर्षाला 9 टक्के, उरलेल्या रकमेवर. 5 वर्षांत फेडलं तर व्याज साधारण 24-25 जातं. 7 वर्षांत फेडलं तर 35. महिन्याचा हप्ता 2.08 वरून 1.61 वर येतो म्हणून बरं वाटतं, पण वर दहा जास्त गेलेच. आणि व्याजदर फ्लॅट आहे का उरलेल्या रकमेवर, हे तोंडाने विचारा, कारण फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, फ्लॅट 9 टक्क्यांनी 5 वर्षांचे सरळ 45 होतात, आणि बोर्डावर दोन्हीकडे 9 च लिहिलेलं असतं. हप्त्याशिवाय इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, इंधन, पार्किंग हे वेगळं. एक प्रयोग करा, गाडी यायच्या आधी तीन महिने हप्ता अधिक हा सगळा खर्च एवढी रक्कम बाजूला काढा. घर निवांत चाललं तर गाडी झेपतेय. आणि ह्या रकमेतून वाढदिवस कापायला लागत असतील तर गाडी एक नंबर लहान घ्या, एवढं साधं आहे ते.

आता तू. तुझा चाळिसावा राहिला तेव्हा तू काय म्हणालीस? पत्रात नाहीये, पण मी पैज लावते, "चालेल" म्हणाली असशील. आणि मुलगी "बरं" म्हणाली. नवरा वाईट नाहीये गं, त्याला दोन वेळा होकार मिळालाय, तो गाडी चालवत निघालाय. त्याने मागे वळून बघावं अशी वाट बघत बसलीस तर गाडी पोचेल सुद्धा. तेव्हा सांग. पण मुलीचं नाव पुढे करून स्वतःचं सांगू नकोस, ही चूक आपण बायका फार करतो, "तिला किती वाईट वाटलं बघा" म्हणायचं आणि स्वतःचं तसंच आत ठेवायचं, मग त्याला वाटतं मुलीची समजूत काढली की विषय संपला. दोन वेगळी वाक्यं बोल, जमलं तर दोन वेगळ्या दिवशी. पहिलं: गाडी घेऊ, पण तिच्या वाढदिवसाच्या दिवशी नको, नंतर कधीही. दुसरं: माझा चाळिसावा राहिला ह्याचं मला अजून वाईट वाटतं. बस. लगेच "जाऊ दे" जोडू नकोस. तो कदाचित म्हणेल तेव्हा का नाही बोललीस, तर म्हण चुकलं माझं, आता बोलतेय.

आणि मुलीकडे जाऊन ती यादी मागून घे. खोडलेली चार नावं खाली वाचता येत असतील अजून. परत लिही म्हण. आठ मुली दोन-तीन तास घरात दंगा करतील, पसारा होईल, कुणीतरी रडेल, त्याला गाडीच्या एका हप्त्याइतका सुद्धा खर्च येत नाही. बाबांना गिफ्टच द्यायचं असेल तर गाडी आल्यावर पहिली चक्कर कुठे ते तिने ठरवायचं, आणि ती म्हणेल तिथेच जायचं, अगदी दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीच्या दारापर्यंत म्हणाली तरी.

तुझा वाढदिवस कधी असतो ते तू लिहिलंच नाहीस. पुढच्या पत्रात तारीख कळव.

ता.क. सासूबाईंना शोरूमला घेऊन जायचं विसरू नका. रोज घालतात त्याच चपला घालून ने आणि तीनदा बसव-उतरव, एकदा नाही, पहिल्यांदा सगळेच उत्साहात चढतात. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला आली की नुसतं टेकून आत वळता येतं. आणि कशी वाटली असं नवऱ्यासमोर विचारू नकोस, त्या "छान" म्हणतील. घरी आल्यावर विचार.