एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे स्वर मराठी माणसाला सोपे जातात का? देवनागरीत लिहून शिकलं तर चालेल का?

स्वर सोपे आहेत. पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, तेव्हा शुद्धलेखनात मार खाल्लेल्यांनी निर्धास्त यावं. फक्त रोमन 'ए' (a) दिसला की कधी 'अ' वाचायची आपली सवय सोडा. तिथे तो कायम 'आ'. 'अ' या भाषेत नाहीच.

देवनागरी मात्र नको.

आमच्या अभ्यासगटात एक निवृत्त काका होते. त्यांनी शब्दांची देवनागरी टिपणं काढून झेरॉक्स वाटल्या. "आपली लिपी शास्त्रशुद्ध, त्या टोप्याबिप्या हव्यात कशाला?" भाषेचा जनक झामेनहोफ याने १८८७ साली ती जाहीर केली तेव्हा अठ्ठावीस अक्षरांत सहा अशी डोक्यावर खूण, म्हणजे टोपी, असलेली ठेवली, ती हौसेने नव्हे. 'आज' म्हणजे 'होदिआउ'. त्यातल्या शेवटच्या यूवर अर्धचंद्र असतो, म्हणजे तो अर्धस्वर, मोजायचा नाही. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या स्वरावर, म्हणून 'दि'वर. उलट 'बालाउ' (झाडून काढ!) यातला उ पुरा स्वर, म्हणून आघात 'ला'वर. काकांच्या कागदावर दोन्हीकडे 'आउ'. अख्खा गट 'होदिआउ' म्हणताना 'आ'वर जोर द्यायला लागला. मी विचारलं, "काका, फरक कळणार कसा?" म्हणाले, "कानाने." ऐकवणार कोण? काकाच!

शास्त्रशुद्धतेचं म्हणाल तर 'चमचा' आणि 'चिमणी' यांतले दोन च आपण एकाच अक्षरात भागवतो. एस्पेरांतोत त्यांना दोन अक्षरं आहेत, एक साधा सी आणि एक टोपीवाला. ध्येय आणि पेशी हे दोन शब्द तेवढ्यानेच वेगळे होतात. टिपणात दोन्ही 'चेलो'.

आता काकांच्या बाजूनेही सांगतो. फोनवर टोप्या टाइप करणं कटकटीचं आहे. खुद्द झामेनहोफने छापखान्यांना टोपीऐवजी एच लावायची मुभा दिली होती, पण यू बोडकाच ठेवला, म्हणजे घोळ तोच. त्यापेक्षा अक्षरापुढे एक्स लावायची पद्धत बरी. एक्स हे अक्षर भाषेत नसल्याने गोंधळ होत नाही.

आणि सुरुवातीला देवनागरीवाचून अडतच असेल, तर अर्धस्वराला पाय मोडका व लिहा: 'होदिआव्'. काकांना हेच सुचवलं होतं. झेरॉक्स आधीच काढून झाल्यात म्हणाले. पुढच्या गटालाही त्याच वाटल्या.