जर्मनीत मास्टर्स करायचंय? आधी एवढं कर

विद्यापीठांच्या रँकिंगमध्ये महिनाभर अडकू नकोस. आधी एपीएसचा अर्ज टाक. भारतीय पदवी तपासून मिळणारं हे प्रमाणपत्र नसेल तर स्टुडंट व्हिसाचं गाडं हलतच नाही, आणि नवखे नेमके इथेच उशीर करतात.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, हायडेलबर्गकडे, आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. घाबरू नकोस, ते तुझेच पैसे; तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ मिळत राहतात.

बाकी मोजकंच:

- प्रवेशाचं पत्र आलं की त्याच दिवशी खोली शोधायला लाग. करार हातात नसताना डिपॉझिट पाठवू नकोस, घरमालक कितीही गोड बोलला तरी.
- खोली मिळाली की पत्रपेटीवर आपलं नाव चिकटव. मी चिकटवलं नव्हतं. बँकेचं कार्ड आलं तसं परत गेलं आणि तीन आठवडे मित्राच्या उधारीवर वरणभात खाल्ला!
- कोर्स इंग्रजीत असला तरी ए२ पातळीपर्यंत (सुरुवातीची दुसरी पायरी) जर्मन इथूनच शिकून जा. सरकारी पत्रं जर्मनमध्येच येतात.
- पहिल्या सेमिस्टरला पार्टटाइम नोकरीमागे धावू नकोस. नापास झाल्यावर पेपर पुन्हा द्यायच्या संधी मोजक्याच असतात, आपल्याकडच्यासारखी एटीकेटी लांबवता येत नाही.

ब्लू कार्ड (पदवीनंतर नोकरीसाठीचा परवाना), टॅक्स वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. एपीएसचा अर्ज गेला की सांग, मग कोर्स निवडायचं बघू.