'स्थिर प्रवाह' की 'स्थिरावलेला प्रवाह'?

प्रश्न असा आहे: तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनींच्या जाळ्यातल्या प्रवाहाचं गणित दोन पद्धतींनी करतात, स्टेडी-स्टेट (वेळेनुसार न बदलणारा प्रवाह धरून) आणि ट्रान्झियंट (वेळेनुसार बदलणारा प्रवाह धरून). मराठी लेखात त्यांना 'स्थिर' आणि 'क्षणिक' म्हणावं का?

'क्षणिक' तर नकोच. मुंबईपासून दूर समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं उदाहरण घ्या. तिथलं तेल मेणचट. प्रवाह बंद पडला की समुद्रतळावरच्या पाइपमधलं असं तेल हळूहळू गार होतं, मेण धरू लागतं. हे तासन्‌तास चालतं, आणि त्याचा हिशोब ट्रान्झियंटमध्येच मोडतो. त्याला 'क्षणिक' कसं म्हणणार? साधं 'बदलता प्रवाह' म्हणा.

'स्थिर'ची अडचण वेगळी. स्थिर पाणी डबक्यातलं. इथे तेल-वायू वाहतच आहे. एका जागी मोजलेला दाब, वेग, तापमान मात्र वेळ गेला तरी तेच राहतं. 'एकसमान'ही चालणार नाही, कारण तो शब्द पाइपच्या लांबीबद्दल बोलतो. वायू पुढे जाताना दाब घटतो, वायू फुगतो, वेग वाढतो. म्हणजे प्रवाह एकसमान नसूनही स्थिरावलेला असू शकतो.

आमच्या लालबागच्या चाळीत पहाटे पाणी यायचं. नळ आधी फुसफुसायचा, मग गचके देत थोडं पाणी, पुन्हा हवा. आई आतून विचारायची, "धार लागली का गं?" त्याआधी हंडा लावायचा नाही. हंडा किती वेळात भरेल हे धार लागल्यावरच सांगता येतं. म्हणून मला 'स्थिरावलेला प्रवाह' हवा. आधी काहीतरी बदलत होतं आणि आता बसलं, हे त्या 'लेला'त येतं.

पद्धतीची निवडही इथेच कळते. पाइप किती व्यासाचा हवा, कुठल्या विहिरीतून किती घ्यायचं, हे स्थिरावलेल्या प्रवाहावर झटपट निघतं. शेकडो पर्याय तपासता येतात. विहीर सुरू करणं, बंद करणं, पाइप साफ करायला पिग (पाइपच्या आतून सरकत जाणारा बोळा) सोडणं, यांना मात्र बदलत्या प्रवाहाचं, वेळखाऊ गणित लागतं.

आणि स्लग? त्याला मी 'लोंढा' म्हणेन. पाइपच्या सखल भागात साचलेलं तेल-पाणी मागचा वायू ढकलत आणतो आणि ते एकदम टोकाशी येऊन आदळतं. तिथली टाकी केवढी हवी, हे सरासरी प्रवाहावरून ठरत नाही. सगळ्यात मोठा लोंढा केवढा, यावरून ठरतं.